खांद्यावरची पिन

बाळांनो,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर थोरलीने एक प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायचे सोडून मी "जेवलीस का" असे विचारले. तिकडे ट्राममध्ये एक अनोळखी बाई तिला म्हणाली होती, "असा कोट घालायला धाडस लागतं." एवढे बोलून ती बाई पुढच्या थांब्यावर उतरून गेली. "आजी, ती चांगलं म्हणाली की वाईट?" थोरलीला दोन दिवस तेच सतावत होते.

मी विषय बदलला, कारण असेच एक वाक्य गेल्या मार्चपासून माझ्याकडेही पडून आहे. ते सांगायचे तर आधी दुसरी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी तुमच्या बाबापासून सात महिने लपवून ठेवली होती. आता त्याला ती कळली आहे, त्याचे रागावूनही झाले आहे, म्हणून लिहिते.

माझा उजवा खांदा जखडला होता. आधी नुसता दुखायचा. दिवाळीपर्यंत हात कानाशी जाईनासा झाला. डॉक्टर म्हणाले की हे दुखणे आपल्या चालीने येते आणि आपल्या चालीनेच जाते, वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल, व्यायाम सोडू नका. मी व्यायामाचा तक्ता करून फ्रिजवर लावला आणि रोज त्यावर खुणा केल्या. खुणा वाढत गेल्या, हात होता तिथेच राहिला. वेणी घालता येईना. वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. कॉलच्या शेवटी मी तुम्हाला डाव्या हाताने टाटा करत होते. तुमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आले नाही, याचा तेव्हा मला आनंद व्हायचा.

तुमच्या बाबाला सांगितले असते तर तो म्हणाला असता, एक तर इकडे ये, नाहीतर चोवीस तासांची बाई ठेव. मला दोन्ही नको होते. मला माझी बहीण हवी होती.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. अकोल्याच्या एका शाळेत तिने तीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवले. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, अमरावतीला कॉलेजात शिकवले आणि हळूहळू पुस्तकातल्यासारखी बोलू लागले. ती अजून आमच्या आईसारखीच बोलते. तिचे यजमान आणि तुमचे आजोबा वर्षभराच्या अंतराने गेले. त्यानंतर एकदा ती माझ्याकडे आली होती. मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, दोघी दोन गावात एकट्या काय करून राह्यलो आपण? मी येते न तुयाकडे."

मी विचारही केला नाही. म्हणाले, "आपल्या सवयी जुळायच्या नाहीत."

ते खोटे नव्हते. ती टीव्ही मोठ्याने लावते, ओला टॉवेल पलंगावर टाकते आणि जेवणाची वेळ विचारली तर "भूक लागल तवा" म्हणते. ती हसली, "बरं बाई," म्हणाली, आणि मेथीच्या काड्या उचलून टाकायला गेली. तीन वर्षांत त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही. आता मलाच तिच्या दारात जाऊन "ये" म्हणायचे होते. फोनवर मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचे बोलून फोन ठेवला. म्हणून प्रत्यक्ष अकोल्याला जायचे ठरवले.

तुम्ही म्हणाल, हात वर जात नाही तर साडीचा खटाटोप कशाला. पण कुर्ता डोक्यावरून घालावा लागतो, तोही हात उचलल्याशिवाय जात नाही. आणि गाऊन घालून एसटीत बसणे मला या जन्मात जमणारे नाही. मी माझी एक पद्धत बसवली होती. रविवारी जेवणाच्या टेबलावर आठवड्याच्या तीन सुती साड्या पसरायच्या. बसल्या बसल्या निऱ्या घालायच्या, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्या धरायच्या आणि चिमट्यांसकट साडी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यायची. ती परत आली की पदराच्या घड्या टेबलावरच ब्लाउजच्या डाव्या खांद्याला पिनेने टाचून टाकायच्या. नेसायच्या दिवशी उजवा हात आधी बाहीत घालून पदरासकट ब्लाउज कोटासारखा अंगावर चढवायचा, पुढचे हुक लावायचे आणि बाकीची साडी शेवटाकडून सुरुवातीकडे गुंडाळत आणायची. माझा उजवा हात डाव्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता, पण या पद्धतीत तो पोचायचे काही कारणच उरले नव्हते. इस्त्रीवाला मला म्हणाला होता, "मॅडम, तुमची साडी पहिल्यापेक्षा भारी दिसून राहिली." खरेच दिसत होती.

हा हट्ट माझ्यात कुठून आला, तेही सांगते. चांदूर रेल्वेला माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि आई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्यानंतर आईने घरातले बरेच काही बदलले. आमचे कपडे सगळ्यात जास्त. आम्हाला फ्रॉक दोनच असायचे. घरात भात रोज होत नसे. ज्या दिवशी व्हायचा त्या दिवशी ती पेज बाजूला काढायची, त्यात आमचे फ्रॉक बुडवून वाळवायची आणि पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने इस्त्री करायची. चौथीत असताना शाळेत पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी माझ्या फ्रॉकची कड बोटात धरली आणि म्हणाल्या, "तुमच्या लोकांतली असून किती स्वच्छ राहतेस गं!"

मी घरापर्यंत पळत आले आणि आईला सांगितले की आज माझे कौतुक झाले. आईने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. मग तांब्यातली राख झटकत म्हणाली, "पुढच्या वक्ती आनखी कडक करू."

वाक्य मला समजायला काही वर्षे लागली. पुढे कॉलेजातही असे शेरे मिळत गेले, फक्त जरा सभ्य भाषेत. "तुमच्याकडे पाहून वाटतच नाही हो," एक सहकारी बाई माझी साडी न्याहाळत म्हणायच्या. काय वाटत नाही, ते सांगायच्या नाहीत. तेव्हापासून कोणी माझ्या साडीची तारीफ केली की मी हसते, "थँक्यू" म्हणते आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग यायची वाट पाहते.

तर त्या दिवशी साडेअकराची अकोला बस. मी उजवीकडच्या खिडकीशी बसले. अंगावर फिकट राखाडी साडी, मोरपंखी काठांची. पर्समध्ये एक कागद होता आणि त्यावर बहिणीशी बोलायचे पाच मुद्दे क्रमांक घालून लिहिलेले होते. पहिला मुद्दा, मी चुकले, हा होता. सगळे इंग्रजीत लिहिले होते. मराठीत तो पहिला मुद्दा कागदावर उतरत नव्हता.

बडनेऱ्याला एक बाई चढली आणि माझ्याशेजारी बसली. साठीची असेल. डोक्यावर पदर, मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली भलीमोठी पिशवी.

"कुठी चालल्या?"

"अकोल्याला."

"मी तेल्हाऱ्याले. पोरीची डिलिवरी झाली न बडनेऱ्याले. पोरगी झाली. मायसारखी बोंबलते." मग माझ्याकडे वळून, "तुमी मास्तरीन होत्या काय?"

"हो. कॉलेजात होते."

"म्हनलंच."

पुढे रस्त्याचे काम चालू होते. खिडकीची काच अर्धी उघडी होती आणि गरम वाऱ्याबरोबर सगळी धूळ माझ्या तोंडावर येत होती. काच उजव्या हाताला होती. डावा हात वळवून मी ती एकदा ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. शेजारच्या बाईला सांगणे सोपे होते. मी नाकाला रुमाल लावला आणि बाहेर पाहत बसले, जणू मला खिडकी उघडीच हवी होती. अशी वीस मिनिटे गेली असतील. मग ती बाई उठली, माझ्यावरून वाकली आणि एका हिसक्यात काच लावून टाकली.

"काहून बोलल्या नाई? कवाच्या धूय खाऊन राह्यल्या!"

"म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

तिने माझ्याकडे पाहिले. दुकानात कापड पाहतात तसे, घाई न करता, निऱ्यांपासून खांद्यापर्यंत. पदराच्या काठावरून अंगठा फिरवला.

"साडी मात्र लय मस्त नेसल्या बाई. एक निरी इकडची तिकडं नाई. मी त बसल्या बसल्या पाह्यलं, आन मनात म्हनलं, या बाईले कोनाचीच गरज नाई."

मी हसले. "थँक्यू" म्हणाले. आणि उरलेल्या अर्ध्या भागाची वाट पाहिली. तो आला नाही. तिने पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली, माझा हात ओढून त्यावर मूठभर ठेवले आणि डोळे मिटून डुलकी घ्यायला लागली.

मूर्तिजापूर गेले, बोरगाव मंजू आले, आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य. तिचा सूर कौतुकाचा होता, यात शंका नव्हती. जात, गाव, नवरा, यातले काहीच तिने विचारले नव्हते. माझ्या आईने हे ऐकले असते तर तिला धन्य वाटले असते. पेजेत फ्रॉक बुडवताना तिला दुसरे काय हवे होते? तिच्या पोरींकडे पाहून कोणी "बिचारी" म्हणू नये, एवढेच. पण हे वाक्य त्या बाईने माझी खिडकी लावून झाल्यावर म्हटले होते. वीस मिनिटे माझी धूळ तिलाही दिसत होती. मग ती आधीच का उठली नाही? साडी पाहून तिला वाटले असणार की हिला लागेल तेव्हा ही सांगेल, किंवा हिला लागतच नसेल. टेबलावर चिमटे लावून मी जी साडी तयार केली होती, तिने आपले काम चोख केले होते. आणि अशीच कडक होऊन मी बहिणीकडे काय मागायला चालले होते?

अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर मला राहवले नाही. ती पिशवी डोक्यावर घेत होती. मी म्हणाले, "मघाशी तुम्ही म्हणालात ना, हिला कोणाची गरज नाही. ते चांगल्या अर्थानंच म्हणालात ना?"

"आता वं माय! चांगलंच म्हनलं." दोन पावले गेली आणि पिशवी सांभाळत मागे वळली. "पन मले नाई बा जमलं असतं तसं राहाले."

आणि ती तेल्हाऱ्याच्या गाडीकडे पळाली.

बहिणीच्या दारातूनच टीव्ही ऐकू येत होता. "जयभीम ताई! अशी कडक होऊन आली, कोनाच्या लग्नाले चालली काय?" खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलून तिने पलंगावर टाकला आणि मला बसायला जागा केली. वांग्याची भाजी आणि भाकर जेवलो. जेवण झाल्यावर मी पर्स मांडीवर घेऊन बसले.

"मला तुझ्याशी बोलायचं आहे."

"बोल न."

"यंदा अकोल्यात ऊन लवकर लागलं, नाही?"

"ऊन पाहाले आली काय अमरावतीहून?"

मी कागद काढावा की काढू नये या विचारात होते. ती पाण्याचा पेला घेऊन आली, आणि तो माझ्या हातात न देता माझ्या डाव्या खांद्याजवळ वाकून थांबली.

"ताई, ही पिन कोनं लावली तुले?"

"मीच."

"खोटं नोको बोलू. आपल्या हातानं लावली का टोक दंडाकडे जाते. तुई त गळ्याकडे हाये. समोर उभं राहून कोनी लावली तरच अशी लागते, आन तुया घरात दुसरं कोन हाये?" तिने पिनेला बोट लावून पाहिले. मग पेला खाली ठेवला. "अंगावर लावलीच नाई तू. हात वर कर."

पहिलीच्या वर्गात तिने मुलांना असेच सांगितले असणार. मी डावा हात वर केला.

"तो नाई. दुसरा."

उजवा हात छातीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. तिने उठून टीव्ही बंद केला. दिवसाउजेडी तिच्या घरात टीव्ही बंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"कवापासून?"

"सात महिने."

"पोराले सांगतलं?"

"नाही."

"आन मले?"

"मी येते" असे ती तेव्हा म्हणाली असती तर माझे सगळे काम झाले असते. ती म्हणाली नाही. तिने पलंगावरचा टॉवेल ओढला आणि त्याची घडी घालत बसली, मोडून पुन्हा घालत बसली. एकदा स्वतःहून म्हणून तिने उत्तर ऐकले होते. आता म्हणायची पाळी माझी होती, हे तिलाही माहीत होते आणि मलाही.

मी कागद काढला. पाच मुद्दे, क्रमांकासह. तिच्यासमोर तो एखाद्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेसारखा दिसत होता. मी तो परत ठेवला.

"मला वेणी घालता येत नाही," मी म्हणाले.

"मंग?"

"मग तू ये."

"कुठी?"

"माझ्याकडे. राहायला."

"आपल्या सवयी जुळायच्या नाहीत." ती हे माझ्या शब्दांत, माझ्या पुस्तकी सुरात म्हणाली. तीन वर्षे तिने ते वाक्य जसेच्या तसे जपून ठेवले होते.

"नाहीच जुळत," मी म्हणाले. "तरी ये. तेव्हा मी चुकले."

कागदावर इंग्रजीतही लिहायला मला दोन दिवस लागले होते. तोंडाने म्हणायला क्षणही लागला नाही. तिने घातलेली घडी मांडीवर ठेवली.

"टीवी मी मोठ्यानंच पाहीन."

"पाहा."

"आन टावेल?"

"टॉवेलचं आपण पाहू."

"पाहू नाई. हो म्हन."

"हो."

"आता पोराले फोन लाव. माह्या समोर. त्याले सगळं सांग, मंग मी काय ते सांगते."

त्या संध्याकाळी तुमच्या बाबाला अकोल्याहून आलेला फोन तो हाच. तो माझ्यावर रागावला, मग त्याच्या या मावशीवर रागावला की तिला आधी कसे कळले नाही, आणि मग मावशीने मला फोनवर त्याच्या तावडीत सोडून स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "उद्या नाई येत. पंधरा दिवस दे. भांडे-कुंडे आवरू दे मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचे होते. तीच राखाडी साडी. तिने मला आरशासमोर उभे केले, माझी टेबलावर लावलेली पिन काढली, सगळे मोडले आणि नव्याने नेसवले. एक निरी वर, एक खाली. पदर गुडघ्याच्या पार खाली. मी काही म्हणणार, एवढ्यात आरशात तिचे डोळे दिसले.

"काय?"

"काही नाही."

तशीच बसमध्ये बसले. कोणी काही बोलले नाही. बडनेऱ्याला उतरणाऱ्या एका मुलीला मी पिशवी वरून काढून द्यायला सांगितले, तिने दिली.

थोरले, तुझ्या ट्राममधल्या बाईचे मला खरेच सांगता येणार नाही. माझ्या बसमधल्या बाईचेही मी अजून ठरवू शकलेले नाही. कोट मात्र घालत जा, मला तो आवडला. आणि कधी थंडीत त्याची बटणे लावायला बोटे चालली नाहीत तर शेजारी असेल त्याला सांग.

तुमची मावशीआजी पंधरा दिवसांनी आली, दोन पेट्या आणि एक मोठा टीव्ही घेऊन. परवा कॉलवर मागे जो आवाज येत होता आणि धाकट्याने विचारले की घरात कोण भांडते आहे, ती तिची मालिका. टॉवेल आठवड्यातून चार दिवस दांडीवर असतो. माझा खांदा आता बराच सुटला आहे. हात डाव्या खांद्यापर्यंत पोचतो, थोडा दुखतो, पण पोचतो. मी तिला तसे सांगितले आहे. तरी साडी नेसायच्या दिवशी ती दात घासता घासता येते, ओल्या हातानेच माझ्यासमोर उभी राहते आणि पिन लावून जाते. टोक गळ्याकडेच असते.